पिवळ्या पायांचा रोहित

मी एक म्हातारा रोहित पक्षी आहे, मित्रांनो. तुम्ही मला फ्लेमिंगो म्हणून ओळखता. माझा जन्म बोलिव्हियातल्या उंच डोंगरावर, एका खाऱ्या तळ्याकाठी झाला. तिथे रात्री तळे गोठे आणि आमचे पाय बर्फात अडकत. आम्ही हजारो पक्षी गुमान उभे राहायचो. ऊन वर आले की बर्फ सैल होई आणि आम्ही चालू लागायचो.

पुढे मला आणि माझ्या जोडीदारणीला पकडून जर्मनीत, स्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात आणले. तिथल्या तळ्यात दुसरे रोहित होते, पण गुलाबी पायांचे. आमचे पाय पिवळे. त्यांचा नाचही निराळा. आम्ही दोघे होतो तोवर काही वाटले नाही. २००५ साली पानगळीच्या दिवसांत ती गेली. मग मी नाचलोच नाही.

त्याच सुमारास वसुधाआजी येऊ लागल्या. यजमान वारल्यावर मुलाने, शिरीषने, त्यांना पुण्याहून आणले होते. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सूनही नोकरीला. दर रविवारी नात इरा त्यांना घेऊन यायची. आजी मराठीत विचारत, इरा जर्मनमध्ये उत्तर देई.

"इरा, ह्याचेच पाय पिवळे कसे गं? काय लिहिलंय पाटीवर?"

इराने डोंगर, बर्फ, ऊन असे सगळे हातवारे करून समजावले. शेवटी म्हणाली, "एर इस्ट अलाइन, आजी."

"म्हणजे?"

तिला शब्द आठवेना. "एक... एकटा."

आजी कठड्यावर वाकून माझ्याकडे पाहू लागल्या.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. बाकीचे पक्षी उबदार खोलीत गेले. मी मात्र नजर चुकवून बाहेर राहिलो. रविवारी सकाळी माझे पाय बर्फात पक्के रुतले होते. नवा राखणदार ते पाहून घाबरला आणि हातोडी घेऊन धावत आला. मी पंख फडफडवले. एक घाव चुकता, तर माझी काडीसारखी तंगडी मोडलीच असती.

"अरे थांब!" कठड्याशी उभ्या आजी ओरडल्या. "इरा, सांग त्याला! ऊन आल्यावर सुटेल म्हणावं तो!"

इराने भराभरा सांगितले. राखणदाराने हातोडी खाली ठेवली. तिघेही थंडीत कुडकुडत थांबले. अकराच्या सुमारास बर्फ कडकन तडकला आणि मी पाय उचलला.

"ह्याला ह्याचे सोबती हवेत," राखणदार इराला म्हणाला. त्याने गावोगावच्या प्राणिसंग्रहालयांना पत्रे धाडली. वसंतात उत्तरेकडून होकार आला. तिथे पिवळ्या पायांचे सात रोहित होते.

निघायच्या दिवशी आजी एकट्याच आल्या. मला प्रवासासाठी ठेवलेल्या पेटीच्या फटीतून म्हणाल्या, "जा बाबा. तुझ्या माणसांत जा." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आता आम्ही आठ आहोत. वसुधाआजींचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी लांबून आलेले असेल. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोला, चुकले तरी चालतील. स्टुटगार्टला मला दाणापाणी वेळेवर मिळत होते. हाकेला ओ तेवढी मिळत नव्हती.