सकाळचं माप, संध्याकाळचं माप

शस्त्रक्रियेला आठ आठवडे होऊन गेले तरी गौरजाचं पोट सपाट झालं नव्हतं, आणि आपल्याला कुणीतरी फसवलंय याची तिला खात्रीच पटत चालली होती. शाळेत शिकवून घरी आली की ती खोलीची कडी लावायची आणि आरशापुढे बाजूने उभी राहायची. खाली लांबलचक व्रण, त्याच्यावर फुगलेलं पोट, डाव्या टोकाला कातडीची बारीकशी घडी. एवढं सोसून पदरात काय पडलं, या विचाराने तिला रडू यायचं.

जुळ्या मुलांच्या बाळंतपणात तिच्या पोटाचे स्नायू फाकले, कातडी सैल पडली, कंबर कायमची धरली. मुलं पाचवीत गेली तरी कट्टा गावच्या बाजारात कुणी ना कुणी हसून विचारायचंच, "कितवो महिनो गो?" बाईच्या पोटाची चौकशी करायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही, हे काय तुम्हाला-मला नवं आहे? शेवटी दिवाळीच्या सुट्टीत गोव्यातल्या एका रुग्णालयात जाऊन तिने स्नायू शिवून सैल कातडी काढण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ठाऊक फक्त नवऱ्याला, श्रीपादला. सासूबाईंना, काशीबाईंना, सांगितलं की गौरजा बहिणीकडे ठाण्याला गेलीय.

आणि आता हे असं! संशय एकदा मनात शिरला की त्याला दार-खिडकी लागत नाही. डॉक्टरांनी स्वतः हात लावलाच नसेल, एखाद्या शिकाऊ पोराकडून शिवून घेतलं असेल. श्रीपाद हल्ली गप्प असतो तो याचमुळे. जाऊबाई दीपिका परवा फोनवर हसत होती ती नक्की आपल्यालाच. डोकं असं फिरलं असताना तिने दुसऱ्या एका क्लिनिकला फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, काळजीच करू नका, आम्ही लगेच दुरुस्त करून देतो, सोमवारी उपाशीपोटी या. गौरजाने होकार दिला आणि श्रीपादलाही सांगितलं नाही.

फक्त पहिल्या डॉक्टरांच्या तोंडावर फेकायला तिला पुरावा हवा होता. तो सुगंधाकाकीच्या वहीत होता. सुगंधाकाकी कट्ट्याला शिवणकाम करायची, आणि गौरजाच्या ड्रेसची मापं तिच्याकडे लिहिलेली होती. शुक्रवारी शाळा सुटल्यावर गौरजा तिथे गेली. जुनं पोटाचं माप चाळीस. काकीने टेप लावली, साडेअडतीस भरलं.

दीड इंच! एवढ्यासाठी पोट फाडून घेतलं? गौरजाचा बांध फुटला आणि तिने सगळं सांगून टाकलं, सोमवारच्या क्लिनिकसकट. काकीने ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाली की उद्या उठल्या उठल्या, काही न खाता इकडे ये. गौरजाला तिचाही संशय आला. हिची टेपच ताणलेली असेल, नाहीतर ही दीपिकाला जाऊन सांगेल. तरी ती गेली.

सकाळी त्याच टेपने, त्याच जागी माप घेतलं. पावणेसदतीस.

"आता माका सांग," काकी म्हणाली, "चरबी काय राती फिराक जाता आणि सांजेक परत येता? सकाळी उतारता आणि सांजेक चढता ती सूज, बाय."

गौरजाने टेप हातात घेऊन आकडा पुन्हा वाचला. टेप ताणलेली असती तर दोन्ही वेळा सारखीच ताणलेली असती.

मग काकीने एकेक विचारायला सुरुवात केली. डॉक्टरांनी पट्टा दिला असेल ना, तो कुठे आहे? कपाटात. साडीतून त्याचा फुगवटा दिसतो, शाळेतल्या बायका ओळखतील म्हणून गौरजा तो फक्त झोपताना बांधायची. जड उचललंस का? उचललं. तिसऱ्या आठवड्यापासून विहिरीवरून घागरी आणल्या, कारण नाही म्हटलं असतं तर काशीबाईंना कारण सांगावं लागलं असतं. पुन्हा दाखवायला गेलीस का? सहाव्या आठवड्यात बोलावलं होतं, पण गोव्याला जाणाऱ्या दोडामार्गाच्या गाडीत ओळखीचं कुणीतरी असतंच, आणि कुठे निघालात विचारतं. म्हणून गेली नाही. लपवण्यासाठी गोवा गाठला खरा, पण आपल्याकडचं अर्धं गाव नोकरीला गोव्यातच जातं, हे बिचारीच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि त्या सोमवारवाल्यांनी तुजा पोट बघल्यानी?"

"नाय. फोनवरच सांगल्यानी."

"न बघता!" काकीने टेप गुंडाळून ठेवली. "कोरा कापड मी भिजवल्याशिवाय बेतणंय नाय. आणि तू जित्या मांसाक आठ आठवड्यात परत कातर लावूक निघालंस. संशय घेवचो तर त्यांचो घे. आणि पयल्या डॉक्टराचो येता तर त्याच्या तोंडावर जावन इचार. घरात कडी लावन कोणाक इचारतंस?"

गौरजाने तिथूनच क्लिनिकला नकार कळवला. घरी जाऊन श्रीपादला सगळं सांगितलं. तो गप्प होता तो भीतीने, कारण ती रोज रडते आणि काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं.

सोमवारी दोघं पहिल्या डॉक्टरांकडे गेली. गौरजाने बसल्या बसल्या विचारलं, "शस्त्रक्रिया तुम्हीच केलीत ना? खरं सांगा." डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शस्त्रक्रियेची नोंद पुढे ठेवली, कुणी काय केलं ते वाचून दाखवलं; स्नायू आणि कातडी दोन्ही त्यांनी स्वतःच शिवली होती. पोट तपासून म्हणाले की ही सूजच आहे, ती पुरती उतरायला काही महिने जातात, व्रण निवळायला वर्षही लागतं. डाव्या टोकाची घडी मात्र खरी आहे. ती आपोआप बसली नाही तर पुढे छोटीशी दुरुस्ती करता येईल, पण सहा महिन्यांच्या आत तो निर्णयच घ्यायचा नाही. आणि हे सगळं आधी मराठीत नीट समजावून सांगायला हवं होतं, नुसता इंग्रजी कागद हातात दिला ही आपली चूक, हेही त्यांनी कबूल केलं.

राहिल्या काशीबाई. त्यांनाही गौरजाने सांगायचं ठरवलं. आता सासू नट्टापट्ट्याच्या नावाने उद्धार करणार, गावभर करणार, याची तिला खात्री होती. काशीबाईंनी सगळं ऐकलं आणि कपाटातला पट्टा आणायला सांगितलं.

"पोरां झाली तेव्हा तुजा पोट कोणी बांधल्यान?" त्या म्हणाल्या. "मीच मां? चाळीस दिवस रोज लुगड्यान आवळून बांधलंय. तेव्हा माझी लाज वाटली नाय, आणि आता माका ठाण्याक गेलंय म्हणान सांगतंस? आदी सांगलं असतंस तर घागरीक तुका हात लावूक दिलंय नसतंय."

आणि सुनेला उभं करून त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा बांधला. श्रीपादला घागर घेऊन विहिरीवर पिटाळलं. गौरजा रडली, पण या वेळी कडी लावून नाही.

वाचकहो, शरीराला भरून यायला त्याचा वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ संशयात घालवला तर जखम बरी होण्याआधीच आपण नवी करून घेतो. शंका आली तर ज्याच्याबद्दल आली त्यालाच विचारा. उपचार लपवू नका, कारण ज्यांच्यापासून लपवता त्यांची मदतही हातची जाते. आणि बाजारात भेटलेल्या बाईच्या पोटाकडे बघून महिने मोजायची सवय आपण सगळ्यांनीच आता सोडली पाहिजे. गौरजाच्या पोटाला पहिली चीर डॉक्टरांच्या सुरीने नाही पडली, ती आपल्या जिभेने पडली होती.