बत्त्याने ठोकलेला खिळा

मित्रांनो, मी एक जुना खिळा आहे. जुना म्हटलं, गंजलेला नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो. माझी लांबी तीन इंच, त्यातली अडीच इंच भिंतीत. शहराच्या कडेने वाढत चाललेल्या एका गावात, दुमजली इमारतीतल्या वरच्या भाड्याच्या घरात, दारामागच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. भाडेकरू आले नि गेले, मी तसूभरही हललो नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे तारेचे तुकडे पडत आणि एकेका ठोक्यात प्रत्येकाला डोकं मिळे. माणसांना ते यायला बरीच वर्षं लागतात, असं मी पुढे पाहिलं. दुकानातून मला एका नव्या नवरीने मुठीत लपवून घरी आणलं. लपवून, कारण घरमालकांची सक्त ताकीद होती: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पण नवऱ्याची कामावरची पिशवी रोज जमिनीवर लोळायची, ते तिला बघवेना. मालक बाहेर गेलेले पाहून तिने मला बत्त्याने ठोकलं. हातोडी मागायची तरी कोणाकडे? पहिला घाव तिच्या अंगठ्यावर बसला, बाकीचे माझ्यावर. म्हणून मी जरा वर तोंड करून आहे. त्यामुळेच पिशवी घसरत नाही, हे लक्षात आल्यावर तिने मला शाबासकी दिली. इतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

तेव्हा समोरच्या खिडकीतून नुसतं गवत दिसायचं. मग विटांचे ढीग आले, इमारती आल्या. त्या दोघांनी पोटाला चिमटा काढून हेच घर विकत घेतलं आणि काही वर्षांनी पलीकडच्या गल्लीत मोठ्या घरी राहायला गेले. ती नवरी आता मालकीणकाकू झाली. सासू झाली की बाई आपलं सूनपण विसरते, तशा काकू भाडेकरूपण विसरल्या आणि मलाही विसरल्या. त्यांच्या करारातलं पहिलंच कलम होतं: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण मी काम सोडलं नाही. नर्सबाईंचा कोट पेलला, चार बिनलग्नाच्या पोरांच्या नऊ पँटीही पेलल्या. घर रिकामं झालं की रंगारी यायचा आणि माझ्या डोक्यावरूनच ब्रश फिरवायचा. मला उपटायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

सध्या इथे बसचा ड्रायव्हर, त्याची शिवणकाम करणारी बायको आणि दहावीतली मुलगी राहतात. यंदा अकरा महिन्यांचा करार संपत आला. नवा रस्ता झाल्यापासून इथे एका घराला दहा गिऱ्हाइकं. काकू घर बघूनच काय ते ठरवणार होत्या. घर सुटलं असतं, तर मुलीला ऐन परीक्षेच्या वर्षी दोन बस बदलून शाळेत यावं लागलं असतं. मी काकूंना दिसू नये म्हणून आईने मोठं कॅलेंडर आणलं आणि मला झाकलं. झाकलं म्हणजे काय, माझ्यावरच टांगलं!

काकू आल्या. नळ बघितला, खिडक्या बघितल्या. कडी तपासायला त्यांनी दार लोटलं आणि समोर कॅलेंडर दिसलं.

"छान आहे. पण हे टांगलंय कशाला?"

आईचा चेहरा उतरला. काकूंनी कॅलेंडर उतरवलं. "हा खिळा? करारात काय लिहिलंय?"

"आईशपथ, आम्ही नाही ठोकला," ड्रायव्हर म्हणाला. "आलो तेव्हापासून आहे."

"सगळे असंच म्हणतात."

तेवढ्यात मुलीने कंपासचं टोक आणून माझं डोकं खरवडलं. मला दुखलं, पण मी दात आवळून सोसलं.

"बघा ना काकू, वर पांढरा रंग, त्याखाली पिवळा, मग हिरवा, तळाला गुलाबी. आम्ही आल्यापासून तर एकदाही रंग लागला नाहीये."

काकूंनी चष्मा लावला. "गुलाबी? गुलाबी तर आमच्या वेळचा." त्यांनी मला बोट लावलं आणि त्यांचा आवाजच बदलला. "अगं बाई, हा मीच ठोकलाय. बत्त्याने. मालक घर बघायला आले, तेव्हा काय घाबरले होते मी!"

"मग काय केलंत?" मुलीने विचारलं.

काकूंनी हातातलं कॅलेंडर पुन्हा माझ्यावर टांगलं.

"कॅलेंडर लावलं," त्या म्हणाल्या.

आधी ड्रायव्हर हसला, मग सगळेच. त्याच दुपारी नवा करार झाला आणि पहिल्या कलमावर काकूंनी स्वतः काट मारली.

मित्रांनो, भाड्याचं घरही आपलं समजून जपा. नळ गळू देऊ नका, भिंतींवर रेघोट्या ओढू नका. आणि उद्या घरमालक झालात, तर भाडेकरूचं दार वाजवण्याआधी एकदा आठवून बघा, आपण काय काय लपवलं होतं. नाहीच आठवलं तर दारामागे बघा. आमच्यापैकी कोणीतरी तिथे असतोच.