बकरी आली, पण वाजत नाही

मी एक जुना मोबाइल आहे, आणि खरं सांगू का मित्रांनो, मी दमलो आहे. माझी काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली आहे. बोलायच्या भोकात कणीक बसली आहे. सकाळी पोटभर चार्ज केलं तरी दुपारी मी मान टाकतो. आमच्यात सात वर्षं म्हणजे म्हातारपण. तरी मला अजून सुट्टी नाही. ती का नाही, तेच सांगतो.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी माझ्या पोटात इवलेसे स्क्रू बसवले, कागदाच्या डब्यात निजवलं आणि मी बुऱ्हाणपूरला आलो. शनवारा भागातल्या दुकानात मला हर्षलने विकत घेतलं. तेव्हा तो कॉलेजात होता. दोन वर्षं त्याने मला क्रिकेट, गाणी आणि परीक्षेच्या नोट्स यांत पुरता पिळून काढला. मग त्याला इंदूरला नोकरी लागली, त्याने आयफोन घेतला आणि मी त्याच्या आईकडे आलो. फोनांमध्ये दोन मोठी घराणी आहेत. मी अँड्रॉइडच्या घराण्यातला, आयफोन दुसऱ्या घराण्यातला. दोन्ही घरची रीत वेगळी, एवढंच तुम्ही लक्षात ठेवा.

हर्षलची आई म्हणजे सोजरबाई. लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करणारी बाई. मांडा म्हणजे हातभर मोठी पुरणपोळी. लाटणं लागत नाही. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पसरायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. सोजरबाईच्या हाताखाली पाच बाया होत्या. ऑर्डर आली की बायांना फोन करून जमवायचं काम तिचं, म्हणजे माझं.

आता एक गुपित सांगतो. सोजरबाईला वाचता येत नव्हतं. आकडे यायचे, सही चित्रासारखी काढता यायची, पुढे काही नाही. पण हर्षलला शाळेत घालताना फॉर्मवर तिच्या नवऱ्याने लिहून टाकलं, आई चौथी पास. घराची लाज राखायला एकदा खोटं लिहिलं गेलं आणि मग ते तसंच राहिलं. नवरा वारला. खरं जाणणारं माणूस गेलं. खोटं मात्र धडधाकट उरलं.

मग ती मला चालवायची कशी? रिचार्जच्या दुकानातल्या मृणालने तिची अडचण ओळखली, पण तोंडाने काही बोलली नाही. तिने एक फोटो काढून माझ्या पडद्यावर मांडला आणि म्हणाली, "मावशी, याच्यावर बोट ठेवा, फोन लागून जातो." एवढं एकदा पाहिलं आणि बाकीचं सोजरबाईने स्वतः केलं. बाया आपले फोटो काढू द्यायला लाजायच्या, म्हणून तिने त्यांच्या दारातल्या वस्तूंचे फोटो काढले. निळं दार म्हणजे वैशाली. तुळशीचा डबा म्हणजे लीला. रंजिता म्हणजे तिची कान तुटलेली कबरी बकरी. नेपानगरचे नंदकुमार आचारी म्हणजे मोठी कढई. अशी अकरा चित्रं. त्यांतलं सगळ्यात वरचं एका फाटक्या पुस्तकाचं होतं. ते कोणाचं, ते शेवटी सांगतो.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. बकरीवर अंगठा पडला की मी रंजिताकडे वाजायचो. तिकडून फोन आला की माझ्या पडद्यावर बकरी यायची आणि सोजरबाई न बघता म्हणायची, "बोल वं रंजिता." आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, सोजरबाईचा हात काय चालतो मोबाइलवर! ती फक्त हसायची. मला तेव्हा उगाच वाटायचं की शहाणा मीच आहे.

मग मी म्हातारा झालो. बोलता बोलता बंद पडू लागलो. एकदा तर नंदकुमारांची ऑर्डर अर्ध्यावर तोडली. हे हर्षलच्या कानावर गेलं. गेल्या महिन्यात तो चार दिवसांच्या सुट्टीवर आला आणि येताना आपला आयफोन आईसाठी घेऊन आला. स्वतःला त्याने नवा घेतला होता. मुलगा वाईट नव्हे हो. आईवर जीव टाकणारा आहे. फक्त फार घाईचा.

"आई, टेंशन नको घेऊ," तो म्हणाला. "सब कुछ जसंच्या तसं इकडे येऊन जाईल."

त्याने आम्हा दोघांना शेजारी ठेवलं. दोन तास मी माझं पोट रिकामं करत होतो. नावं गेली, नंबर गेले, फोटो गेले. पण कोणतं चित्र कुठे मांडलंय आणि त्याच्यावर बोट ठेवलं की कोणाकडे वाजायचं, ते काही गेलं नाही. ती माझ्या घरची रीत, त्या घरात ती चालत नाही. मी सांगणार कसं? मला बोलता येतं ते दुसऱ्यांचं, स्वतःचं नाही. हर्षलने माझं सिम काढून त्याच्यात घातलं आणि मला कपाटावर ठेवून दिलं. बंद करायचं विसरला आणि काम नसल्याने मीही तग धरला, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं, ऐकू आलं.

दुसऱ्याच दिवशी नंदकुमारांची ऑर्डर आली. रविवारी नेपानगरला लग्न, चारशे माणसांचे मांडे. "शुक्रवार सकाळपर्यंत पाचही बाया पक्क्या करून सांगा सोजरबाई," ते म्हणाले, "नाहीतर मला खंडव्याहून दुसऱ्या बाया आणाव्या लागतील." तो बुधवार होता.

सोजरबाईने नव्या फोनात फोटो शोधले. बकरी सापडली. तिने अंगठा ठेवला. बकरी मोठी झाली. पुन्हा ठेवला. बकरी लहान झाली. किती तरी वेळ ती बकरीला लहान-मोठी करत बसली होती. बकरी काही वाजली नाही. आणि नंबर तिला एकही पाठ नव्हता.

ती मुलाला म्हणाली, "रंजिताला फोन लावून दे रे."

"आई, तूच लाव ना. आदत होईल. वर नुसतं र लिही, रंजिता येते."

"हो," ती म्हणाली, आणि फोन पदराखाली घेऊन बाहेर गेली.

त्या एका 'हो'चा मला फार त्रास झाला. मृणालकडे जावं, तर ती लग्न होऊन देडतलाईला गेलेली. दुकानात आता अनोळखी माणूस आणि ही गर्दी. मग सोजरबाई पायी निघाली. लालबाग, राजपुरा, सिलमपुरा. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन दिवसांत चार बाया गाठल्या. रंजिताच्या दाराला मात्र कुलूप. ती माहेरी धूलकोटला गेलेली. वैशालीला फोन लावायला सांगावं, तर मोबाइलवर हात चालणाऱ्या बाईने ते सांगायचं कसं? खापर सांभाळणारी तीच. तिच्याशिवाय बाकीच्या चौघी म्हणजे चूल पेटली आणि तवाच नाही.

नवा फोन मधून मधून वाजत होता. पण त्याच्यावर नुसती अक्षरं उमटायची. ऑर्डरनंतर तिने तीन फोन उचलले, तिन्ही वेळा कोणी तरी कर्ज घ्या म्हणून मागे लागलं. मग तिने उचलणंच सोडलं.

शुक्रवारी सकाळी गल्लीत आरोळी आली, "पुराना मोबाइल दो, टब-बाल्टी लो!"

हर्षलने मला कपाटावरून काढलं, चार्जरला लावून थोडं शुद्धीवर आणलं आणि दारात घेऊन गेला. हातगाडीवर हिरवे, लाल टब रचलेले होते. सात वर्षांची चाकरी आणि शेवटी एक टब. असो, मी म्हटलं, झोप तरी मिळेल.

"आई, लॉक उघडून दे. पूर्ण पुसून टाकतो, मग देऊ."

सोजरबाई आली. मला हातात घेतलं, बोटाने खूण काढली. मी उघडलो. अकरा चित्रं जागच्या जागी. तिने पटकन बकरीवर अंगठा ठेवला. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण सिम नसलेला फोन म्हणजे जीभ नसलेलं तोंड. तिने मला पदरात गुंडाळलं.

"हा नको देऊ."

"अगं, यात आता काहीच नाही उरलं. एक-एक फोटो तिकडे आलाय. मी चेक केलंय."

"बकरी आली. पण वाजत नाही."

"म्हणजे?"

हातगाडीवाला पाहत होता. समोरच्या ओट्यावरच्या दोघी पाहत होत्या. सोजरबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"मले अक्षर येत नाही, हर्षल. एक बी नाही येत."

"कैसी बात करते आई! तू माझा अभ्यास घ्यायची. रोज. मी चुकलो की बरोबर थांबवायची."

"तू अडखळला की तुझा आवाज बदले. मी म्हणे, परत वाच. पुस्तकात नव्हते पाहत रे. तुझ्या तोंडाकडे पाहत होते."

हातगाडीवाल्याने विचारलं, "भैया, देना है कि नहीं?" हर्षलने हातानेच नको म्हटलं. तो टब सावरत पुढे गेला.

हर्षल आत आला. नव्या फोनातलं सिम काढून त्याने माझ्यात घातलं. मग तो आईच्या शेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दाखव, तू कसं करते."

आधी बकरी. मी वाजलो, आणि धूलकोटहून रंजिता कडाडली, "मावशी! दोन दिवसांपासून फोन करू राहिले, उचलत का नाही? रविवारचं मला वैशालीने सांगितलं, मी उद्याच येऊन जाते!" सोजरबाई हसता हसता रडली. लगेच कढईवर अंगठा पडला आणि नंदकुमारांना पाच बाया पक्क्या झाल्याचं कळलं.

मग तिने त्याला सगळी चित्रं दाखवली. निळं दार, तुळस, एकेक. शेवटी हर्षलने वरच्या फाटक्या पुस्तकावर बोट ठेवलं. "हे काय? मी तर कचरा समजून डिलीट करणार होतो."

"तुझं चौथीचं पुस्तक ते. ते तू."

हर्षलच्या खिशातला फोन वाजायला लागला, कारण त्याचं बोट अजून त्या चित्रावरच होतं.

त्याच दुपारी त्याने माझी बॅटरी बदलून आणली. म्हणजे माझी सुट्टी बुडाली. नवा फोन डब्यात झोपला आहे, मला त्याचा हेवा वाटतो. मित्रांनो, फोन बदलायचे तर खुशाल बदला, आम्ही काही जन्माला पुरत नाही. पण घरातल्या मोठ्या माणसाचा फोन बदलण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि तो आपला फोन कसा चालवतो, ते त्याच्याकडून शिकून घ्या. वेळ लागेल. लागू द्या.

आता थांबतो. संध्याकाळ झाली, आणि सोजरबाईचा अंगठा पुस्तकावर पडला आहे. मला इंदूरला वाजायचं आहे.