आधी अर्थ, मग गुण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या श्रीनिवासरावांनी उभी हयात कन्नड गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन ज्योतीनगरात फ्लॅट घेतला आणि आता उरलेलं इंग्रजी कोणावर खर्च करावं, या विवंचनेत पडले. कालिंदीवहिनींनी साफ नकार दिला. मुलगी स्वराली शेंद्र्याच्या कंपनीत नोकरीला, ती घरात सापडेना. शेवटी कोणीतरी स्क्रॅबलचा डबा भेट दिला आणि दर रविवारी सकाळी तो उघडायचा असं ठरलं. ठरवलं त्यांनीच.

खेळ साधा आहे. प्रत्येक सोंगटीवर एक इंग्रजी अक्षर. पटावर शब्द जुळवायचा, अवघड अक्षराला जास्त गुण. जगभर एवढंच असतं. श्रीनिवासरावांच्या घरी एक नियम जास्तीचा: शब्द लावला की अर्थ सांगायचा. मराठीत, एका वाक्यात. अर्थ आला नाही तर शब्द उचला, पाळी गेली.

"शब्द पोपटसुद्धा बोलतो," ते म्हणत. "अर्थ सांगायला माणूस लागतो."

विशेषनाम चालत नाही हा मात्र खेळाचा मूळचाच नियम. त्यामुळे आमच्या शहराच्या जुन्या-नव्या नावावरून त्या घरात कधी वाद झाला नाही.

आणखी एक गोष्ट चालत नसे. ओके. ओ आणि के, दोन अक्षरं, नव्या डिक्शनरीत हा शब्द घेतलाय म्हणे. पण श्रीनिवासरावांची डिक्शनरी जुनी, उशीएवढी जाड. "ओके हा शब्द नव्हे," ते म्हणत, "ती घाण सवय आहे."

माझ्याकडे गुण मांडायचं काम होतं. मेहनताना म्हणून उपमा.

समोर बसून खेळायला असे सम्यक. हा स्वरालीच्याच कंपनीतला, क्वालिटी खात्यातला. दोघांना लग्न करायचं होतं. त्याचे आईवडील नोकरीमुळं नांदेडला, ते मुद्दाम येऊन रीतसर भेटून गेले होते. श्रीनिवासरावांनी त्यांना चहा दिला, बाकरवडी दिली, दाराशी सोडायला गेले आणि हात जोडून म्हणाले, "बघू."

त्याला वर्ष उलटून गेलं.

आता श्रीनिवासराव पुरोगामी. आमच्याकडं जातपात काही नाही, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं होतं, गच्चीवर सांगितलं होतं आणि एकदा भाजीवाल्यासमोर सांगितलं होतं. भाजीवाल्यानं विचारलेलं नव्हतं. ज्याच्याकडं खरंच नसते त्याला इतक्यांदा सांगावं लागत नाही, हे मी बोललो नाही. उपम्याचा प्रश्न होता.

नाही म्हणाले असते तर सोपं होतं. पोरांनी भांडण केलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता आणि सरळ जाऊन रजिस्टर लग्नाच्या सह्या केल्या असत्या. पण बघूशी कसं भांडणार? स्वरालीचं म्हणणं होतं की बाबा हसत आले पाहिजेत, त्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नाही. म्हणून सम्यक दर रविवारी येई, स्क्रॅबल खेळे आणि हरे.

हरे म्हणजे मुद्दाम हरे. स्वरालीनं बजावलं होतं, "बाबांना हरवू नको. हरले की आठवडाभर त्यांना प्रत्येक भाजीत मीठ जास्त लागतं."

तुम्हाला वाटेल हरणं सोपं. श्रीनिवासराव कॅट लावत. "कॅट म्हणजे मांजर." मग रॅट. मग हॅट. आता कॅट, रॅट, हॅट लावणाऱ्या माणसाशी हरायचं म्हणजे किती खाली उतरावं लागतं, बघा. पोराला आठ-आठ अक्षरी शब्द दिसत आणि तो कपाळावरच्या शिरा ताणून 'अॅट' लावी. कॉलेजात असताना हा पोरगा स्क्रॅबलच्या स्पर्धा खेळलेला. क्यूच्या पुढं यू नसलेले सगळे शब्द त्याला पाठ. माझ्या शेजारी बसून तो क्यूकडं असा बघे, जसं उपाशी माणसानं लग्नाच्या पंगतीत फक्त वाढायचं काम करावं.

डाव संपला की तो घसा खाकरून म्हणे, "काका, ते आमचं..."

"बघू. पुढच्या रविवारी बघू."

या रविवारी तो एकटा आला नाही. बरोबर त्याची आजी होती, गोजरबाई. वैजापूरकडच्या खेड्यातून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघून आलेली. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत कांदे.

"जय भीम, गुरुजी."

"जय भीम, जय भीम," श्रीनिवासराव म्हणाले. एकदा म्हणून भागलं असतं. "या, बसा. कालिंदी, पाणी आण. आमच्याकडं ते जातपात वगैरे..."

"पानी पिले मी खाली," गोजरबाई म्हणाल्या. "मी एकच इचारायला आले. पोरांचं व्हय का नाय?"

सम्यकनं मान खाली घातली. स्वराली पडद्याची दोरी बघू लागली. श्रीनिवासरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"डाव तर होऊ द्या," ते म्हणाले. "मग बघू."

"किती येळ चालतो?"

"तासभर, आजी," सम्यक म्हणाला.

"बसते मंग." आणि त्या नातवाच्या शेजारी, त्याच्या सोंगट्या दिसतील अशा बसल्या.

डाव सुरू झाला. श्रीनिवासरावांनी हेन लावला, कोंबडी. सम्यकनं टेन लावला, दहा. श्रीनिवासरावांनी डेन लावला. "गुहा. जंगली श्वापदाची." गोजरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी गुण मांडत राहिलो.

मग श्रीनिवासरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी दोनच सोंगट्या लावल्या. ए आणि आय.

"एआय," ते म्हणाले. "दक्षिण अमेरिकेतला एक आळशी प्राणी. झाडाला उलटा लटकून राहतो, काही करत नाही."

"आमच्या ऑफिसात म्हणतात की तो सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार," स्वराली म्हणाली.

"तो वेगळा. हा फक्त पानं खातो."

सम्यकनं सोंगट्यांच्या पिशवीत हात घातला, सोंगटी काढली आणि त्याचं तोंड पडलं. क्यू आला होता. दहा गुणांचा. पूर्वी आनंदानं उडी मारली असती पोरानं. आता त्यानं तो सोंगट्या ठेवायच्या पट्टीच्या कडेला सरकवला, मेलेल्या झुरळासारखा.

"ह्यो कसला रे?" आजीनं विचारलं. "शेपटीचा शून्य."

"क्यू आहे, आजी."

"भारी हाय का?"

"सगळ्यात भारी."

"मंग लाव की."

"नाही लावायचा."

"का?"

आजीला सम्यकनं काय सांगावं? की मी वर्षभर ह्यांच्याशी हरतोय, म्हणजे ते खूश होतील, म्हणजे ते माणूस समजून एक शब्द बोलतील? असं काही मोठ्यानं म्हटलं की कसं ऐकू येतं ते त्यालाही कळत असावं. कारण कान लाल झाले.

डाव शेवटाला आला. पिशवी रिकामी. श्रीनिवासराव तिसांनी पुढं होते आणि हातात दोनच सोंगट्या उरल्या होत्या, ओ आणि के. त्या लावता येईनात. लावता येत होत्या, पण आपणच बंदी घातलेली.

"चला," ते म्हणाले. "आज काही जमणार नाही आता. तू तो क्यू धरून बसलायस, दहा गुण तुझे वजा. छान खेळलास. आणि आजी, तुमच्या विषयाचं म्हणाल तर पुढच्या रविवारी निवांत..."

"येवढ्या लांबून यायला लागतं हो मला," गोजरबाई म्हणाल्या. रागानं नाही. एसटीचं वेळापत्रक सांगावं तशा.

सम्यकनं स्वरालीकडं बघितलं. स्वरालीनं नेहमीसारखी मान हलवली, नको. मग तिची मान मध्येच थांबली.

त्यानं क्यू उचलला. पटाच्या सगळ्यात वरच्या लाल चौकटीत ठेवला, जिथं शब्दाचे गुण तिप्पट होतात. त्याखाली ए. त्याखाली डी. आणि त्याखाली श्रीनिवासरावांच्याच आळशी प्राण्याचा आय होता.

"क्यू-ए-डी-आय," तो म्हणाला. "कादी."

"हे काय?"

"शब्द आहे, काका."

"अर्थ?"

"काझी. न्याय देणारा, निकाह लावणारा."

"हा इंग्रजी शब्द नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "हा आपल्या जुन्या शहरातला, शहागंजातला शब्द आहे."

"डिक्शनरी बघा."

डिक्शनरी मी बघितली, कारण त्यांचा हात पुढं येईना. क्यूच्या पहिल्याच पानावर होता. उशीएवढ्या त्या पुस्तकात आपल्या शहागंजातला माणूस अगदी आरामात बसला होता. मी बेचाळीस गुण मांडले. श्रीनिवासराव बारानं मागं गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून कालिंदीवहिनींचा आवाज आला. वहिनी माहेरच्या गुलमंडीच्या, हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या जुन्या शहरातल्या. पण लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून शुद्ध मराठीशिवाय काही बाहेर पडलेलं आम्ही ऐकलेलं नव्हतं.

"मियाँ बीवी राजी, तो क्या करेगा काजी," वहिनी म्हणाल्या. हातात झारा होता.

"कालिंदी, ही म्हण झाली. अर्थ नव्हे."

"मग वाक्यात उपयोग समजा."

स्वराली खिडकीकडं तोंड करून हसली. श्रीनिवासराव सोंगट्या गोळा करायला लागले. त्यांना त्या भराभर डब्यात टाकायच्या होत्या, पण कादी उचलवेना. बोटं तिथपर्यंत जात आणि परत येत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ठीक आहे. बघू."

"चॅलेंज," सम्यक म्हणाला. खेळात समोरच्याच्या शब्दाला हरकत घेताना म्हणतात तसं.

"कशाला? पटावर तर तुझाच शब्द आहे."

"बघूला."

श्रीनिवासरावांनी वर बघितलं.

"दोन अक्षरी शब्द आहे, काका. तुम्ही दर रविवारी लावता. अर्थ सांगा, नाहीतर उचला."

मला वाटलं, झालं आता. आठवडाभर मीठ जास्त. पण मास्तर हाडाचे. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय जात नाही.

"बघ हा धातू," ते म्हणाले. "प्रथमपुरुषी, अनेकवचन, भविष्यकाळ..."

"व्याकरण नको. अर्थ. मराठीत, एका वाक्यात."

"बघू म्हणजे... नंतर विचार करू."

"वर्ष झालं. काय विचार केला?"

श्रीनिवासरावांनी माझ्याकडं बघितलं. मी पेन्सिलीचं टोक बघत होतो. मग ते डिक्शनरीकडं बघायला लागले, पण ती इंग्रजी. त्यांनी चष्मा काढला आणि या खेपेला पुसला नाही.

"हो म्हणायची भीती वाटते," ते हळू म्हणाले, "आणि नाही म्हणायची लाज वाटते. तेव्हा बघू म्हणतात."

नियमानं आता मला निकाल द्यायचा होता.

"अर्थ बरोबर आहे," मी म्हणालो. "शब्द राहतो."

स्वरालीनं माझ्याकडं असं बघितलं की पुढचा उपमा मी गृहीत धरला नाही.

"भीती कुणाची, गुरुजी?" गोजरबाईंनी विचारलं.

"लोकांची."

"कंच्या लोकांची? हितं तर आमीच हाव."

श्रीनिवासरावांनी विचार केला. गावाकडचे भाऊबंद कधीच पांगले होते. वहिनींचा एकुलता भाऊ अमेरिकेत, तो म्हणाला होता, लिंक पाठवा, मी लग्न तिकडूनच बघतो. कन्नडचे सहकारी व्हॉट्सअॅपवर सकाळी गुलाबाची फुलं पाठवण्यापलीकडं काही करत नव्हते. लोक शोधता शोधता त्यांची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हे आहेत ना," ते म्हणाले. "नाना. खालच्या मजल्यावरचे."

आयुष्यात बरंच काय काय म्हणवून घेतलं, पण लोक म्हणून कोणी बोट दाखवलेलं नव्हतं.

"माझी काही हरकत नाही," मी म्हणालो. "अक्षतांऐवजी फुलं असली तरी जेवण असेलच ना?"

"असनार की," गोजरबाई म्हणाल्या.

श्रीनिवासराव पटाकडं वळले. इतके लोक शोधले आणि एकच निघाला, तोही जेवणाचं विचारणारा. हे दुःख कमी नव्हतं. वर्षभर जे भूत घरात बसलं होतं त्याला पाय नव्हते, तोंडही नव्हतं, हे एका सकाळी कळणं कोणत्याही शिकलेल्या माणसाला अपमानाचंच.

मग त्यांनी पट्टीवरच्या उरलेल्या दोन सोंगट्या उचलल्या. ओ पटावर ठेवला. के त्याच्या शेजारी ठेवला. सम्यकच्या शब्दाला लागूनही नव्हतं, नियमात कुठंच बसत नव्हतं.

"बाबा," स्वराली म्हणाली. "ओके चालत नाही ना आपल्याकडं?"

"अर्थ सांगता आला तर चालतो."

गोजरबाईंनी नातवाला कोपरानं ढोसलं. "काय लिवलं रे त्यांनी?"

"ओके, आजी."

"ते कळलं मला. पर ह्यांच्यात ओके म्हंजे व्हय, का बघू?"

प्रश्न सम्यकला नव्हता. सगळे श्रीनिवासरावांकडं बघायला लागले. कन्नडच्या शाळेत ज्या माणसानं पोरांच्या तोंडातलं लई काढून फार घातलं, नाय काढून नाही घातलं, तो माणूस ओठ जुळवत होता, उघडत होता, परत जुळवत होता.

"व्हय," ते म्हणाले.

वहिनी आत गेल्या. झारा कढईवर वाजला. स्वराली वडिलांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या हातातला चष्मा घेऊन ओढणीनं पुसू लागली. सम्यक मात्र दमून भिंतीला टेकला. वर्षभर हरून मिळालं नाही ते जिंकून मिळालं, याचा त्याला आनंदापेक्षा संतापच जास्त आला असावा.

मी ओकेचे गुण मांडले. सहा होतात. ते धरूनही श्रीनिवासराव हरतच होते. पण ते बोलायची वेळ नव्हती. उपमा यायचा होता.