दोन चिठ्ठ्या

थोरल्या डॉक्टरांनी काचपट्टीवर तेलाचा एक थेंब सोडला, भिंग हलकेच खाली आणून त्यात बुडवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. लगेच खोली गेली. खिडकी गेली, भिंतीवरचं घड्याळ गेलं, गुडघ्याची कुरकुरसुद्धा गेली. उरला तो गुलाबी उजेड आणि त्यात संथ पहुडलेल्या जांभळ्या पेशी.

पस्तीस वर्षं झाली, पण या उजेडात उतरलं की त्यांना अजूनही दुपारच्या झोपेत शिरल्यासारखं वाटे. "तुम्ही कामाला जाता की पोहायला?" असं बायको विचारायची. ते रक्ताच्या कर्करोगाचे डॉक्टर. माणसं त्यांच्याकडे भेदरून येत, आणि त्या भीतीचं मूळ इथे काचेवर इतकं देखणं दिसे की त्यांना कधीकधी स्वतःचीच लाज वाटे.

एका हाताने पट्टी सरकत होती, दुसऱ्या हाताची बोटं मोजणीयंत्राच्या कळांवर होती. टिक, टिक, टिक. चांगल्या पेशीला एक कळ, कच्च्या, म्हणजे रोगट पेशीला दुसरी. शंभर झाल्या की घंटी वाजायची, आणि अशा पाच घंट्या व्हायच्या.

आजची काच हेडबाईंची होती. हे नाव वॉर्डाने ठेवलेलं. निवृत्त मुख्याध्यापिका, केस गेले, वजन गेलं, पण रुबाब जागच्या जागी. नर्सने तक्त्यावर तारीख चुकवली तर तिला पुन्हा लिहायला लावत. डॉक्टरांची पहिली चिठ्ठी बघून म्हणाल्या होत्या, "हे तुम्ही लिहिलंत की कोंबडीने?" त्या दिवसापासून डॉक्टर पाच मिनिटांसाठी म्हणून त्यांच्या खाटेशी जात आणि चांगला अर्धा तास बसत. खोटं कशाला, फार जीव जडला होता.

उपचारांना आठ महिने झाले होते. जहाल औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. आता हेडबाईंचा धाकटा भाऊ आपला बोन मॅरो द्यायला लांबून आला होता. शंभरात पाचपेक्षा कमी कच्च्या पेशी निघाल्या तर येत्या सोमवारी ताईला तो मिळणार. जास्त निघाल्या तर औषधांची आणखी एक फेरी, आणि ती त्यांचं शरीर सोसेलच अशी हमी कोणी देत नव्हतं.

त्याच नमुन्याची दुसरी काच घेऊन छोट्या मॅडम डॉक्टरांकडे पाठ करून बसल्या होत्या. चार वर्षं थोरल्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या या धाकट्या डॉक्टर. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि दोन्ही चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. तोवर चकार शब्द काढायचा नाही. हा नियम डॉक्टरांनीच घातलेला.

पाचवी घंटी वाजली. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि त्यांच्या तोंडून निसटलंच.

"चार! अगं, शंभरात चारच!"

छोट्या मॅडम वळल्या. त्यांची चिठ्ठी केव्हाच लिहून झाली होती. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं.

"माझ्याही चारच, सर," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी कोटाच्या खिशात घातली.

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. ते उठले, तरंगतच दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले; चिठ्ठी तर उघडलीच नव्हती. मग परत आले आणि तळहात पुढे केला.

"चिठ्ठी."

"सर..."

"दे बघू."

घडी उघडली. सात.

"याआधी कितीदा?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही. शप्पथ." मॅडम म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघितला, सर. मला बोलवेना. संध्याकाळी पुन्हा मोजून तुम्हाला फोन करणार होते."

रागवायला हवं होतं, पण रागवणार कोण? नियम आधी कोणी मोडला? डॉक्टरांनी आपली काच तिच्यापुढे सरकवली आणि दोघांना एकदम बघता येईल अशा जोड-सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसले. एरवी तिथे शिकाऊ लोक बसत.

"दाखव."

पुन्हा तोच गुलाबी उजेड. मॅडमने भिंगातला दर्शक बाण एका पेशीवर नेऊन थांबवला.

"ही, सर?"

"कच्ची."

"ही?"

"कच्ची."

डॉक्टरांना प्रत्येक पेशी लख्ख दिसत होती. मघाशीही दिसली होतीच. स्वप्नात ओळखीचं माणूस समोर यावं आणि आपण हाक न मारता पुढे जावं, तसे ते एकेकीला ओलांडून गेले होते. डोळे अधू झाले असते तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं. डोळ्यांना निदान चष्मा असतो.

वॉर्डात हेडबाई उशीला टेकून बसल्या होत्या. भाऊ पायथ्याशी होता. डॉक्टरांनी आडवळण घेतलं नाही.

"सोमवारी नाही जमणार. मी चार मोजल्या, आमच्या छोट्या मॅडमने सात. सातच बरोबर आहेत. उद्यापासून पुन्हा औषधं."

भावाचा चेहरा पडला. हेडबाईंनी डोळे मिटले. चादरीवरचा हात तेवढा मुठीत वळला आणि सावकाश सुटला.

"त्या मुलीच्या सात," त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या चार. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी वशिला लावलात."

डॉक्टर मान खाली घालून उभे राहिले. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"शाळेत असं करणाऱ्या मास्तराचं मी काय करायची, माहीत आहे?"

"काय करायचात?"

"पेपरांचा गठ्ठा काढून घ्यायची. माझे पेपर यापुढे त्या मुलीकडे. तुम्ही नुसतं येऊन बसत जा."

"हो, बाई," डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.