कतारची रजा

आखातात नोकरी करणाऱ्या माणसाला दोन महिन्यांची रजा मिळते आणि ती संपली की त्याला परत जावं लागतं, ही साधी गोष्ट घाडी कुटुंबात कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. आली असती तर त्यांनी नितेशला कतारला पाठवलंच नसतं, दुसरं काहीतरी सांगितलं असतं.

नितेश कतारला गेला नव्हता. तो तुरुंगात होता. सहा वर्षांपूर्वी मरोळच्या एका गॅरेजमध्ये तो मेकॅनिक असताना जेवणाच्या सुट्टीत सोबतच्या माणसाशी त्याची जुंपली. कुणी कुणाच्या आईवरून काय बोललं, यावरून सुरू झालेलं भांडण. नितेशच्या हातात पाना होता, त्याने तो मारला, आणि तो माणूस चार दिवसांनी हॉस्पिटलात वारला. भांडण मरोळचं, चाळ दहिसरची. पेपरात दोन ओळी आल्या, त्या चाळीत कुणी वाचल्या नाहीत. नितेशच्या आईने, सुगंधाने, शेजारच्या पद्मजाला सांगितलं की पोराला कतारला नोकरी लागली, दोन दिवसांत निघावं लागलं, कुणाला भेटताही आलं नाही. पद्मजाने संध्याकाळपर्यंत ते चाळभर केलं. खोटं पसरवायला सुगंधाला दुसऱ्यांदा तोंड उघडावं लागलं नाही.

रुचिरा या सगळ्यात आली ती बरीच नंतर. सुटणाऱ्या कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत ती समुपदेशक होती. आत असलेल्या माणसाशी महिनोन्‌महिने बोलत राहायचं आणि त्याची सुटका जवळ आली की बाहेर त्याच्यासाठी एखादं दार उघडं आहे का ते जाऊन बघायचं, हे तिचं काम. पंधराएक वर्षं ती ते करत होती आणि एक गोष्ट तिला पक्की कळली होती. सुटलेला माणूस पहिले काही महिने कुठे झोपतो, सकाळी उठल्यावर त्याला चहा कोण देतं, यावर पुढचं सगळं ठरतं. बाकीचं बोलणं म्हणजे बऱ्याचदा तोंडाची वाफ.

नितेश सुटायच्या आधी ती पहिल्यांदा दहिसरला गेली, तेव्हा गॅलरीत पद्मजा तांदूळ निवडत बसली होती. "कोण पायजे?" तिने विचारलं. कैद्याच्या दारात तुरुंग हा शब्द काढायचा नाही, असा संस्थेचा नियम होता, आणि तो योग्यच होता. काही न बोलता रुचिराला पुढे जाता आलं असतं. पण तेवढ्यात, ती येणार हे माहीत असलेली सुगंधा दारात आली आणि घाईने म्हणाली, "नितेशच्या कंपनीच्या मॅडम आहेत गं." रुचिरा हसली. नुसती हसली असती तरी चाललं असतं. पण त्या बाईचा उडालेला चेहरा बघून तिला दया आली आणि ती म्हणाली, "नितेशचं काम छान आहे. साहेब लोक खूश आहेत."

हे तसं खरंच होतं. तुरुंगाच्या सुतारखात्यात नितेश खुर्च्या करायचा आणि तिथले अधिकारी त्याच्यावर खूश होते. परतताना रुचिराला स्वतःचं कौतुकही वाटलं, नियमही पाळला आणि खोटंही बोललो नाही म्हणून. शिकलेल्या माणसाला असली कौतुकं फार स्वस्तात करता येतात.

मग नितेश घरी आला. सुगंधाने मालाडच्या बाजारातून खजूर आणून कतारचा म्हणून चाळीत वाटला. नितेश उन्हाने रापला नव्हता, उलट सावलीने फिकट झाला होता, पण तिकडे म्हणे सगळं एसीमध्येच असतं, असं चाळीनेच परस्पर ठरवून टाकलं. रुचिरा दर आठवड्याला भेटायला यायची. पोरगा आईच्या हातचं जेवत होता, झोपत होता, बोरिवलीच्या एका फर्निचरवाल्याकडे तिने त्याच्या कामाचं बोलणंही लावलं होतं. हे मार्गी लागणार, असं तिला वाटत होतं.

फक्त वडील, धोंडूकाका, त्या खजुराला शिवले नाहीत.

धोंडूकाका पूर्वी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले, आता घरीच. पण चाळीत त्यांचा मान वेगळाच. गावी घाड्यांकडे देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान असतो, तो त्यांनी इथे चाळीच्या तोंडाशी असलेल्या गणपतीच्या देवळातही चालवला होता. कुणाचं लग्न असो, नवं दुकान असो, पोराची परीक्षा असो, नारळ ठेवायचा आणि धोंडूकाकांना बोलवायचं. ते देवाला सगळं मोकळं सांगत, कुणाच्या घरात काय दुखतंखुपतं ते नाव घेऊन सांगत, आणि मागे उभी राहिलेली चाळ एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणे. लोक म्हणायचे, काकांच्या तोंडून गेलेलं वर पोचतं.

दीड महिना झाला आणि लोक विचारायला लागले, "काय रे नितेश, रजा कधी संपते?" प्रश्न प्रेमाचाच होता. नितेश काहीतरी पुटपुटायचा. मग पद्मजा तिच्या मुलाचं, देवेशचं घेऊन आली. देवेश आयटीआय झालेला, कांदिवलीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. "ह्याला तुझ्या कंपनीत चिकटव ना रे. तुझ्या मॅडम येतातच की, त्यांना सांग." नितेश "बघू" म्हणाला. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस बघू म्हणतो, आणि ज्याला गरज असते तो बघूचं हो करून घेतो. देवेशचा पासपोर्ट आला. त्याने वर्कशॉपची नोकरी सोडली. पद्मजाने नवी बॅग आणली आणि येत्या रविवारी दोघांच्या प्रवासासाठी देवळात नारळ ठेवायचं ठरवलं.

त्या आठवड्यात नितेश संस्थेच्या ऑफिसात आला. खुर्चीच्या टोकाला बसला.

"मॅडम, मी जातो."

"कुठे?"

"नालासोपाऱ्याला. खंडूकडे."

खंडू त्याला आत भेटलेला माणूस. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा वसुलीचा धंदा मांडला होता. लोकांच्या दारात जाऊन धमकावायला त्याला आडदांड पोरं लागायची. नितेशने ते लपवलं नाही आणि रुचिरानेही विचारलं नाही.

"खंडूकडे गेलास तर वर्षाच्या आत परत आत असशील, नितेश. तुला माहितीये."

"माहितीये ना. पण इथे काय सांगू? परत कतारला गेला म्हणून सगळे समजतील. बाबापण तेच म्हणाले. म्हणाले, रजा संपली असा समजतत, तर जा. देवेशला सांगू, त्याचा व्हिसा अडकला. कुणाची इज्जत जाणार नाही."

तुरुंगातून सुटलेल्या या मुलाला घराबाहेर काढणाऱ्या कारस्थानात आपला हात मोठा आहे, हे रुचिराला त्या वेळी अगदी स्वच्छ दिसलं. "कंपनीच्या मॅडम" नसत्या तर पद्मजाने पोराला नोकरी सोडायला लावली नसती.

"मी पद्मजाताईंना खरं सांगू का? माझ्यापुरतं? मी कंपनीची नाही एवढंच?"

"एवढंच कसं राहील, मॅडम?" नितेश म्हणाला. "बाबांना विचारल्याशिवाय नको. तुम्हीच म्हणाला होता ना, आम्ही सांगितल्याशिवाय तुम्ही कुठे बोलणार नाही."

म्हणाली होती. त्या शब्दावरच तर हा मुलगा तिच्याशी बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती धोंडूकाकांना गाठायला गेली. ते देवळात समया घासत होते. तिने बाजूला बसून सगळं सांगितलं. नालासोपाऱ्यात काय आहे तेही सांगितलं. काकांनी हात थांबवला नाही.

"जांवदे त्याला," ते म्हणाले. "पहिल्यासारखं कतारला गेला म्हणून सांगू."

"पहिल्यासारखं म्हणजे तुरुंगात, काका."

आता हात थांबला. त्यांनी समई खाली ठेवली आणि राखेने काळी झालेली बोटं फडक्याला पुसली.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुमचं एक खोटं उघडं पडलं तर तुम्ही दुसरीकडे नोकरी कराल. मी ह्या देवापुढे चाळीचा शब्द टाकतो. उद्या लोकांना कळलं की हा सहा वर्षं आपल्याशी खोटं बोलला, तर माझ्यामागे व्हय म्हाराजा कोण म्हणेल? माझ्याकडे दुसरं काय आहे?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच मुळी. रुचिराने फक्त विचारलं, "आणि रविवारचं गाऱ्हाणं?"

"घालीन," काका म्हणाले. "इतकी वर्षं घालतोय."

रविवारी सकाळी देवळासमोर तीसेक माणसं जमली होती. रुचिरा आली होती ती नितेशची शेवटची समजूत काढायला. पद्मजाने तिला हाताला धरून पुढे उभं केलं. "कंपनीच्या मॅडम," तिने शेजारणीला अभिमानाने सांगितलं. देवेश नव्या शर्टात होता. नितेशची बॅग सुगंधाच्या पायाशी होती, आणि सुगंधा लेकाकडे न बघता त्या बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. जिच्या खोट्याने हे सुरू झालं, तिलाच आज त्याची सर्वांत मोठी किंमत द्यायची होती.

धोंडूकाकांनी टोपी सारखी केली, नारळ देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळ म्हणाली.

"आज ही तुझी लेकरां तुझ्यापुढे उभी हत. तेंच्यावर नजर ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हो माझो झील, नितेश."

काका थांबले. लोकांना वाटलं, पोराला निरोप देणं जड जातंय. बाप आहे, जड जाणारच. पण ते थांबूनच राहिले. घाड्यांच्या घराने सहा वर्षं चाळीला जे सांगितलं होतं, ते काकांनी देवापुढे एकदाही उच्चारलं नव्हतं. कतार हा शब्द गाऱ्हाण्यात कधी आलाच नव्हता, आणि आज तो आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नव्हतं. रुचिराला त्यांची पाठ दिसत होती.

"हो माझो झील कतारात नाय होतो," काका म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, देवाशी बोलताना लागायचा तसाच मोठा. "हो तुरुंगात होतो, म्हाराजा. ह्याच्या हातान एक माणूस मेलो."

मागून काही आलं नाही. मग काकांच्या डाव्या बाजूने, जोडलेल्या हातांमागून, नितेशचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

एकट्याचाच. रुचिराने त्याला किती वेळा विचारलं होतं, काय झालं होतं त्या दिवशी, आणि प्रत्येक वेळी त्याने भांडण झालं, मॅटर झाला, असंच काहीतरी सांगितलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"मी चाळीक खोटा सांगलंय," काका पुढे म्हणाले. "पद्मजाच्या पोराची नोकरी आमच्यापायी गेली. ता माझ्या पदरात घाल, तेच्या नको. आणि ह्याका खंय धाडू नको म्हाराजा. ह्याका हयच, माझ्या घरात ऱ्हवाक दी."

गाऱ्हाण्याचा हा नेम आहे की मागचे होकार देतात तेव्हाच ते पुरं होतं. एकट्याने मागून भागत नाही. काका हात जोडून उभे राहिले. चाळ त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिली. ज्यांनी त्यांच्याकडून लग्नांची, दुकानांची, आजारपणांची गाऱ्हाणी घालून घेतली होती, त्या माणसांची तोंडं मिटलेली होती. सगळ्यांचं लक्ष पद्मजाकडे होतं, कारण ठकवली गेली होती ती.

पद्मजा रुचिराकडे वळली. "तुम्हीपण कंपनीच्या नाही."

"नाही," रुचिरा म्हणाली. "मी खोटं बोलले. देवेशच्या कामाचं मी..."

"राहू दे." पद्मजाने तिचा हात सोडला. तिचा चेहरा रागाने पांढरा पडला होता. तिने सुगंधाकडे पाहिलं. दोघींनी एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींची घरं चालवली होती. सुगंधाने मान वर केली नाही. तिचे ओठ हलत होते, पण तिला होकार द्यायचाही धीर होत नव्हता.

"सहा वर्षं," पद्मजा तिला म्हणाली. "मला नाही सांगितलंस."

मग ती देवाकडे वळली. हात जोडले.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

तिच्यामागून एकेक करत चाळ बोलली, नेहमीसारखी एका सुरात नाही, पण बोलली. धोंडूकाकांनी नारळ उचलला. पद्मजाने देवेशचं मनगट धरलं, आणि नारळ फुटायची वाट न बघता ती त्याला घेऊन घरी निघून गेली.