पानबाईकडचा डबा

टिकली स्कुटीच्या आरशावर होती, खालच्या कोपऱ्यात, दर रविवारी असते तिथंच... मरून रंगाची, कडेला धूळ धरलेली, गोंद जवळजवळ संपलेला. शालूनं ती नखानं उचलली आणि मग तिला आठवलं की आज मागे प्रिया बसली आहे, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन, आणि आरशात तिचेही डोळे दिसताहेत. हात तसाच अधांतरी राहिला. प्रियानं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. शालूनं टिकली कपाळावर उगाच जोरात दाबली आणि म्हणाली, “इथं लावावी लागती. सांगते मंग.”

मंग म्हणजे कधी, हे तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या रविवारपासून या भागातले चर्चचे डबे पोचवायचं काम प्रियाकडे जायचं होतं. चर्चमधल्याच एका घरची नवी सून, जालन्याहून लग्न होऊन आलेली, हौशी. सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं.

तीर्थपुरीच्या चर्चमध्ये उपासना संपली की बायका मागच्या पत्र्याखाली स्वयंपाक करतात आणि एकट्या, आजारी माणसांच्या घरी डबे जातात. जात विचारायची नाही, असं अण्णासाहेब पाळकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. आपण विचारायची नाही, ठीक आहे... पण समोरच्यानं विचारली तर काय करायचं, ते कुठं कोणी सांगितलं होतं? म्हाताऱ्या नंदाबाई घरात एकट्या, मुलगा भारत पुण्याला, आणि पडल्यामुळं त्यांची कंबर धरलेली, गॅसपाशी उभं राहता येईना. तरीही अण्णासाहेबांनी नेलेला डबा त्यांनी हात न लावता परत केला, वर नमस्कार करून. पुढच्या वेळी शालू गेली तेव्हा बाई चहात टोस्ट बुडवून दिवस काढत होत्या. बाजेवरून त्यांनी विचारलं, “कोणाकडून आलीस गं?” आणि शालूच्या तोंडून निघून गेलं, “पानबाईकडून.” पानबाई म्हणजे पेठेतल्या हीरालाल शेठच्या घरच्या, त्यांच्या दुकानाशी नंदाबाईंच्या घराचा पिढ्यांचा घरोबा. बाई पोटभर जेवल्या. एक म्हातारी जेवली ना, मग देव तरी याला खोटं कशाला म्हणेल, असं शालूला परत येताना वाटत राहिलं होतं.

पण ते एक वाक्य सांभाळायला काय काय करावं लागलं. पानबाई जैन, त्यांच्याकडचं म्हणजे कांदा-लसूण नको, म्हणून चर्चच्या पातेल्यातलं वरण या डब्यात चालेना. शालू सकाळीच घरी वेगळं वरण करायची, फुलक्यांना तूप लावायची. गळ्यातला क्रूस ब्लाउजच्या आत गेला. टिकली आली. आडनाव विचारलं तेव्हा तिनं जाधव सांगितलं, आणि ते खरंच होतं. जाधव सगळ्यांतच असतात.

आणि खरं सांगायचं तर, शालू मनाशीच म्हणायची — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही — मला ते आवडायला लागलं होतं. नंदाबाईंच्या स्वयंपाकघरात माझ्या हातानं माठात तांब्या बुडायचा. “तुझ्या हाताला चव हाय गं,” त्या म्हणायच्या आणि मी लाजायचे. आई अशाच एका घरी धान्य निवडायला जायची. दुपारी पायरीखाली उभी राहून पदर पसरायची, वरून भाकरी पडायची, ती कुणाला न शिवता झेलायची... त्याच आईची मी, आत, माठापाशी. आईला किती आनंद झाला असता, असं मनाला सांगायचे. झाला असता का?

दारापाशी शालू थांबली. “तू हितंच बस. पायरीवर.”

“कामून, ताई?”

“बाई जुन्या वळणाच्या हायेत.”

प्रिया बसली. खालच्या पायरीवर, उन्हात, चर्चला जाताना नेसलेल्या फिक्या निळ्या साडीत. शालूनं मागं वळून बघितलं नाही.

आत तिनं ताट वाढलं, नंदाबाईंना पाठीशी उशी देऊन बसवलं. बाईंनी फुलक्याचा तुकडा मोडला आणि दाराकडे मान केली. “भाईर कोण बसून राह्यलं गं?”

“पानबाईकडं नवीन आल्ये. भांडी घासायला.”

भांडी घासायला... हे कशाला जोडलं? कुणी विचारलं होतं? आणि आवाज तरी किती मोठा, बाहेर सहज ऐकू जाईल इतका.

“मंग उन्हात कामून बसवलीस तिला? ये गं पोरी, आत ये, पाणी पी.”

शालूचा हात डब्यावरच राहिला. इतके महिने हा उंबरा नंदाबाई राखतात असं ती समजत होती, आणि आज राखला होता तिनंच. हो, पण पानबाईकडची म्हणून बोलावलं ना बाईंनी... नाहीतर बोलावलं असतं का? हा विचार आला, खराही होता, पण त्यानं लाज तसूभर कमी झाली नाही. आईला पायरीखाली उभं करणाऱ्या बाईचं तोंड तिला कधी नीट आठवत नसे. आता ते आपल्याच तोंडासारखं वाटायला लागलं.

प्रिया चपला काढून आत आली. तिचा क्रूस साडीवर, बाहेर होता.

“कोणाची गं तू?”

“चर्चमधून आले, आजी. डबा घेऊन.” नाव सांगावं तितक्या सहज.

नंदाबाईंचा हात ताटातच थांबला. तुकडा वरणात बुडालेला. त्यांनी ताट सरकवलं नाही आणि घासही उचलला नाही. प्रियाकडे त्या बघतही नव्हत्या. मान हळूहळू शालूकडे वळली.

“आन् तू गं?”

आता झाकायला काही उरलं नव्हतं. बाई जेवणार की नाही, ते प्रियाच्या बोलण्यानं ठरून गेलेलं. शालूच्या खोट्यानं आता कुणाचंच पोट भरणार नव्हतं. तरीही जिभेवर जे आधी आलं, विचाराच्याही आधी, सवयीनं, गोड होऊन, ते ‘पानबाईकडची’ हेच होतं. म्हातारीसाठी, म्हातारीसाठी म्हणत इतके दिवस... आणि म्हातारीला त्याचा काही उपयोग उरला नाही तरी मला ते हवंच आहे. शालूनं दात दाबून धरले. दोघी तिच्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि आपण यानंतर काय बोलू याची तिला स्वतःचीच खात्री वाटत नव्हती.